फाल्कनचं नाव काढलं की पायलट अन् मेकॅनिक एवढे खूश कामून होतात?

जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोत घोषणा झाली की दासो कंपनीचं फाल्कन २००० हे बिझनेस जेट आता नागपूरच्या मिहानमध्ये तयार होणार, अनिल अंबानींच्या रिलायन्ससोबत, आणि इथलं पहिलं विमान २०२८ पर्यंत उडवायचं ठरलंय. फ्रान्सच्या बाहेर अख्ख्या फाल्कनची असेंब्ली होण्याची ही पहिलीच वेळ. बातमी आल्याबरोबर आपल्याकडं दोन सूर लागले, एक म्हणजे "घ्या, परत विदर्भालाच मिळालं, मराठवाड्याला काय तर धूळ", आणि दुसरा म्हणजे "शेठ लोकांचं खेळणं ते, आपल्याला काय करायचं". दोन्ही सूर आपल्या जागी ठीक आहेत, त्यावर शेवटी बोलूच. पण मधल्यामधी एक गोष्ट कुणी विचारलीच नाही, की विमान चालवणारे आणि विमान दुरुस्त करणारे लोक फाल्कनबद्दल बोलताना असे प्रेमात आल्यासारखे का बोलतात. मालक लोक गादीवाल्या सीटा अन् लाकडाचं पॉलिश बघतात, हे लोक भलतंच काहीतरी बघत असतात. ते काय बघतात तेच आज सोप्या भाषेत सांगतो.

आधी एवढंच की बिझनेस जेट म्हणजे कंपन्या, सरकारं आणि पैसेवाली माणसं स्वतःच्या वेळेनं फिरायला वापरतात ते छोटं जेट विमान, आठ-दहा ते सोळा-अठरा सीटांचं. गल्फस्ट्रीम, बॉम्बार्डिए, सेसना, एम्ब्राएर असे बरेच जण बनवतात. फाल्कन ही त्यातली फ्रान्सच्या दासोची जात.

हे दासोवाले आहेत तरी कोण

राफेलवाले. एवढं सांगितलं तरी अर्धं काम झालं. आपल्या हवाई दलाशी या कंपनीचं नातं राफेलच्या लई आधीचं आहे, १९५० च्या दशकात त्यांचं उरागान विमान आपल्याकडं आलं ज्याला आपण तूफानी म्हणायचो, मग मिस्टेअर आलं जे १९६५ च्या युद्धात लढलं, मग १९८५ पासून मिराज २०००, ज्यानं कारगिलमध्ये टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले आणि पुढं बालाकोटलाही तेच गेलं, आणि मग २०१६ च्या करारातली ३६ राफेल.

आणि तुम्ही इंजिनिअरिंगवाले असाल तर या कंपनीची एक वस्तू तुम्ही हाताळली पण असेल. संभाजीनगरात मेकॅनिकलच्या पोरांनी क्लास लावून शिकलेलं कॅटिया सॉफ्टवेअर, ते दासोनं १९७७ च्या सुमारास स्वतःच्या विमानांची डिझाइन करायला घरातच बनवलं होतं, नंतर १९८१ मध्ये त्याची वेगळी कंपनी काढली. वाळूजच्या कुठल्याही डिझाइन रूममध्ये जे पडद्यावर फिरत असतं त्याचं मूळ लढाऊ विमानाच्या पंखात आहे.

आता मुद्दा असा, की लढाऊ विमान बनवणाऱ्या कंपनीला एक खोड असते. पायलट अडचणीत आला, वेग कमी पडला, एखादा पार्ट गेला, तर विमानाच्या अंगात अजून किती शिल्लक आहे हे ते आधी बघतात. फाल्कनच्या कौतुकाचं सगळं सार माझ्या मते याच एका गोष्टीत आहे, कागदावर लागतं त्यापेक्षा थोडं जास्त अंगात ठेवलेलं विमान. बाकी पुढं जे सांगतो ते याचेच वेगवेगळे पुरावे समजा.

सुरुवात कुरिअरच्या पार्सलापासून

पहिलं फाल्कन ४ मे १९६३ ला बोर्दोजवळच्या मेरिन्याकला उडालं, तेव्हा त्याचं नाव मिस्टेअर २० होतं. त्याच वेळी अमेरिकेची पॅन अॅम विमान कंपनी विकायला एखादं बिझनेस जेट शोधत होती, आणि त्यांनी बघायला पाठवला होता चार्ल्स लिंडबर्गला, म्हणजे १९२७ मध्ये एकट्यानं अटलांटिक ओलांडलेला तोच तो. त्यानं विमान बघितलं आणि मालकाला तार केली की आपला पक्षी सापडला. पॅन अॅमनं ४० विमानांची ऑर्डर दिली आणि अजून १२० घ्यायचा हक्क राखून ठेवला. एका नव्या विमानासाठी हे म्हणजे फारच झालं.

पण खरी परीक्षा झाली ती १९७३ मध्ये. फ्रेड स्मिथ नावाच्या माणसानं रात्रीतून पार्सल पोचवायची कंपनी काढली, फेडरल एक्स्प्रेस, आज जिला आपण फेडेक्स म्हणतो. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेंफिसहून १४ फाल्कन २० विमानं निघाली, २५ शहरांसाठी १८६ पार्सलं घेऊन. साहेब लोकांसाठी बनवलेल्या विमानाच्या कुशीत मोठा दरवाजा कापून त्यात माल भरायचा आणि रोज रात्री उडवायचं, पावसात, बर्फात, हे काही लाडाचं काम नाही. विमानाच्या बॉडीला एवढं मोठं भोक पाडलं तर ताकद कमी होते, ती सहन करायची तर मूळ सांगाडा भक्कम लागतो. त्यातलं एक विमान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय.

त्याच जातीची विमानं अमेरिकन कोस्ट गार्डनं समुद्रावर गस्त घालायला घेतली, आणि २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीनं युरोपची सगळी विमानं जमिनीवर बसवली तेव्हा राखेत नेमकं काय आहे ते मोजायला जर्मनीच्या संशोधन संस्थेनं जे विमान वर पाठवलं तेसुद्धा सत्तरच्या दशकातलं फाल्कन २०. आणि २०१२ मध्ये कॅनडात एक फाल्कन २० पूर्णपणे जैवइंधनावर उडवलं, मोहरीच्या जातीच्या तेलबियांपासून काढलेलं इंधन, त्यात पेट्रोलियमचा थेंब नाही. म्हातारी विमानं आहेत ही, पण अवघड काम निघालं की अजून यांनाच हाक जाते.

पंखात असं काय आहे? (हे समजायला मे महिन्यातलं चिकलठाणा डोळ्यासमोर आणा)

विमान उडतं ते हवेच्या जोरावर, आणि हवा जेवढी विरळ तेवढा पंखाला आणि इंजिनाला आधार कमी. हवा विरळ होते दोन कारणांनी, उंची आणि उष्णता. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला की गरम हवा पसरून इतकी विरळ होते की विमानाच्या हिशोबानं ते साधारण १,७०० मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर उभं असतं. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे उभं आहे संभाजीनगरात आणि वाटतंय कळसूबाईच्याही वरून उडायचंय असं. नांदेडला, लातूरला थोड्याफार फरकानं हीच गत. वैमानिक लोक याला हॉट अँड हाय म्हणतात आणि उन्हाळ्यात आपल्या भागात विमान आणताना सगळी आकडेमोड याचीच चाललेली असते, किती माणसं, किती सामान, किती इंधन, आणि नाही जमलं तर काय खाली ठेवायचं.

यावर उपाय काय? एक म्हणजे मोठं इंजिन लावा, पण ते जास्त तेल पितं. दुसरा उपाय पंखात. वेगानं उडायला पातळ, मागं झुकलेला पंख लागतो, आणि हळू उडायला जाड, गोलसर पंख लागतो, एकाच पंखानं दोन्ही करायचं म्हणजे अवघड. त्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारे फ्लॅप तर सगळेच लावतात, तुम्ही खिडकीतून बघितले असतील. फाल्कनला पुढच्या कडेलाही सरकणारी पट्टी असते, तिला स्लॅट म्हणतात. ती पुढं-खाली सरकली की पंख जास्त तिरका धरला तरी हवा पंखाला चिकटून राहते, सुटत नाही, आणि विमान कमी वेगातही तरंगत राहतं. मोठ्या प्रवासी विमानांना स्लॅट असतातच, पण बिझनेस जेटवाले बऱ्याचदा ते टाळतात, गल्फस्ट्रीमच्या मोठ्या विमानांना सुद्धा नाहीत, कारण वजन वाढतं, मोटरा-पाइप-सांधे वाढतात, खर्च वाढतो. दासोनं ते कायम ठेवले, आणि नागपूरला जे बनणार आहे त्या २०००एलएक्सएसमध्ये तर आधीच्या मॉडेलला पंखाच्या आतल्या बाजूला नव्हते तेही लावले.

याचा फायदा काय, तर हलकं झालेलं २०००एलएक्सएस उतरताना ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं, जिथं मोठं प्रवासी विमान अडीचशेच्या वर असतं. ऐकायला फरक छोटा वाटतो पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते, म्हणजे वजन सारखंच धरलं तरी किलोमागं ब्रेकवर साधारण दोन तृतीयांशच भार. पूर्ण भरलेलं विमान समुद्रसपाटीला, थंड दिवशी साधारण १,४२५ मीटरच्या धावपट्टीवरून उडतं. लंडन शहराच्या पोटात एक विमानतळ आहे, लंडन सिटी, तिथं इमारतींमुळं साडेपाच अंशाच्या तीव्र उतारानं खाली यावं लागतं, नेहमीचा उतार तीन अंशाचा असतो. तिथं उतरायची परवानगी मिळालेल्या मोठ्या बिझनेस जेटांत फाल्कन पुढं आहेत.

अजून एक गोष्ट जी मालकाला कधी कळत नाही पण पायलटला लई आवडते. विमान उडताना जास्तीत जास्त वजन किती आणि उतरताना किती, असे दोन वेगळे आकडे असतात. २०००एलएक्सएसचा उड्डाणाचा आकडा साधारण १९,४०० किलो आणि उतरायचा साधारण १७,८०० किलो. दोन्हीत फरक कमी. म्हणजे मुंबईहून टाकी बरीचशी भरून निघा, वाटेत एखाद्या अशा धावपट्टीवर उतरा जिथं इंधनाची सोय नाही, माणसं घ्या, आणि तिथून सरळ लांबच्या गावाला निघा. दुसऱ्या काही विमानात एवढं इंधन पोटात असताना उतरताच येत नाही, वजन जास्त भरतं. छोट्या गावातल्या धावपट्ट्यांवर जायचं असेल तर याचं मोल कळतं.

हातात घेतल्यावर कसं लागतं

जेटचा वेग वाढला की पंखावरचे आणि शेपटीवरचे हलणारे भाग हवेच्या दाबामुळं हातानं हलवणं अवघड होतं. म्हणून फाल्कनमध्ये पहिल्यापासून हे काम हायड्रॉलिकवर आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर, जसं लढाऊ विमानात. दोन स्वतंत्र सिस्टिम, एक गेली तर दुसरी आहे.

पण यातून नवाच प्रश्न तयार होतो. पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर चालवला असेल तर समजेल, स्टिअरिंग एका बोटानं फिरतं पण चाकाखाली ढेकूळ आहे की डांबर ते हाताला कळत नाही. ट्रॅक्टर ताशी वीसनं चालतो म्हणून चालून जातं. विमान ताशी आठशेनं जात असताना पायलटनं हलक्या हातानं जरा जास्त ओढलं तर विमान उसळून माणसं छताला आपटतील. म्हणून दासोनं एक यंत्र बसवलं, त्याला ते आर्थर म्हणतात, हो खरंच आर्थर, मिराजमध्येही होतं. त्याचं काम एकच, वेग वाढला की पायलटच्या हाताला दांडा जड लागला पाहिजे आणि वेग कमी झाला की हलका. खोटा जडपणा, पण हिशोबानं दिलेला. फाल्कन चालवलेले लोक म्हणतात की हे विमान हातात एकदम गुणी लागतं, लढाऊ विमानासारखं, तर त्या बोलण्यामागं हा आर्थर आहे आणि पंखाला नियंत्रणाशी जोडणाऱ्या दांड्या आहेत (त्याबद्दल मेकॅनिकच्या भागात सांगतो).

आता कुणी म्हणेल, मग हा आर्थर बिघडला तर? बिघडलाय. १४ सप्टेंबर १९९९ ला ग्रीस सरकारचं फाल्कन ९०० बुखारेस्टला उतरायला खाली येत होतं. आर्थर बिघडल्याचा इशारा देणारा दिवा लागलेला होता. ऑटोपायलट सुटला, पायलटनं हातात घेतलं, दांडा त्या वेगाला लागायला हवा त्यापेक्षा फार हलका होता, सावरायला ओढलं तर जास्त वर गेलं, दाबलं तर जास्त खाली, असं विमान वर-खाली आपटत राहिलं. विमान शेवटी नीट उतरलं, पण आत पट्टा न बांधलेली सात माणसं गेली, त्यात ग्रीसचे परराष्ट्र खात्याचे उपमंत्री होते. विमान चांगलं म्हणून पायलटनं पेटलेला दिवा सोडून द्यावा असं नसतं. आणि सीटवर बसलं की पट्टा बांधावा, एसटी असो की फाल्कन, हे पण लगेहाथ सांगून ठेवतो.

तीन इंजिनं? दोनात काय वाईट

नागपूरचं २००० दोन इंजिनांचं आहे. पण फाल्कन म्हणलं की जाणकारांना आठवतं ते तीन इंजिनांचं, १९७६ ला उडालेलं फाल्कन ५०, मग ९००, मग ७एक्स आणि ८एक्स. बाकी जगानं तीन इंजिनं सोडून दिली, बोइंगनं सोडली, लॉकहीडनं सोडली, दासो मात्र अजून बनवतं.

नियम असा आहे की उडताना ऐन वेळेला एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्यांवर विमान चढलंच पाहिजे. दोन इंजिनवाल्याला १०० मीटर पुढं जाताना किमान २.४ मीटर चढावं लागतं, तीनवाल्याला २.७. पण दोनातलं एक गेलं की निम्मी ताकद गेली, तीनातलं एक गेलं की तिसरा हिस्सा गेला. म्हणून दोन इंजिनवाल्याला रोजच्या गरजेपेक्षा फार मोठी इंजिनं बाळगावी लागतात, फक्त त्या एका वाईट दिवसासाठी. तीनवाल्याला छोटी चालतात. शिवाय समुद्रावरून जाताना दोन इंजिनांच्या भाड्याच्या विमानांवर जवळच्या विमानतळापासून किती दूर जायचं याची बंधनं असतात, तीनवाल्याला मोकळीक जास्त, मार्ग सरळ पडतो.

मग सगळे तीनच का लावत नाहीत? कारण तीन इंजिनं म्हणजे देखभाल तीनदा, आणि आजची इंजिनं इतकी भरवशाची झालीत की तो फायदा कमी होत चाललाय. दासोनं स्वतःसुद्धा नवीन ६एक्सला दोनच लावलीत.

आता मेकॅनिकचं ऐका

पायलट विमानाच्या पुढं बसतो, मेकॅनिक त्याच्या खाली झोपतो, दोघांची मतं वेगळी असणारच. भारतात विमान दुरुस्त करणाऱ्याला एएमई म्हणतात, डीजीसीएचं, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं, त्यातही मेकॅनिकल वेगळं आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळं, आणि ज्या जातीच्या विमानावर सही करायची त्या जातीची मान्यता लायसन्सवर चढवावी लागते. त्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. म्हणजे उद्या काही झालं तर पहिलं नाव त्याचं निघतं, त्यामुळं हा माणूस उगं कौतुक करत नाही.

त्याला आवडतं ते असं. एक, जुन्या आणि मधल्या फाल्कनमध्ये कंट्रोलची जोडणी बरीचशी तारेऐवजी ढकल-ओढीच्या दांड्यांनी केलेली. तारेचा ताण थंडी-गरमीनं बदलतो, ती घासते, तिचा ताण पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. दांडी दांडीसारखी राहते. दोन, २००० हे मुळात ९०० चंच भावंड, बॉडीचा घेर तोच, लांबी थोडी कमी, पंख त्याच्यावरूनच घेतलेला. एकावर शिकलेला हात दुसऱ्यावर बसतो. तीन, शेपटीच्या पोटात खालून दरवाजा आहे, आत माणूस शिरू शकतो आणि बरीचशी यंत्रं तिथं हाताच्या अंतरावर असतात, फरशी-पॅनेल-सीट उचकटत बसायचं काम कमी.

आणि चौथी गोष्ट, जी कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. हायड्रॉलिकचं तेल. मोठ्या प्रवासी विमानात आणि बऱ्याच बिझनेस जेटांत जे जांभळं तेल असतं, स्कायड्रॉल, ते लवकर पेट घेत नाही ही त्याची खूबी, पण कातडीवर पडलं तर आग आग होते, डोळ्यात गेलं तर माणूस नळाखाली पळतो, रंग तर निघूनच येतो. फाल्कन ९०० अन् २००० मध्ये लाल खनिज तेल असतं. ते पेटायला तुलनेनं सोपं म्हणून ब्रेकसारख्या गरम ठिकाणी जपावं लागतं, पण हात तरी भाजत नाहीत. दिवसभर पाइप खोलणाऱ्या माणसाला विचारा याची किंमत.

कुरकुर पण आहे, नाही कशी. पार्ट महाग, काही फ्रान्सहून यायला वेळ, स्लॅट आणि त्यांचे सांधे म्हणजे तपासायला अजून एक जागा, आणि काही वर्षांनी जी मोठी तपासणी येते, सी-चेक म्हणतात, त्यात विमान आतून अक्षरशः रिकामं करतात, पूर्ण सांगाडा उघडा पाडून गंज आणि भेगा बघतात. बिल बघून मालक पाणी मागतो. मेकॅनिकला मात्र ते उघडलेलं विमान बघायला आवडतं, कारण आतलं काम नीट आहे की वरवरचं ते तिथंच कळतं.

मग आता कॉम्प्युटर आला, त्याचं काय

२००५ मध्ये उडालेलं ७एक्स हे फ्लाय-बाय-वायर असलेलं पहिलं बिझनेस जेट. म्हणजे दांड्या गेल्या, पायलटच्या हातची हालचाल विजेच्या इशाऱ्यानं कॉम्प्युटरकडं जाते आणि कॉम्प्युटर पंखाचे भाग हलवतो. मिराज २००० आणि राफेलमधलं तंत्र खाली उतरवलेलं. वाऱ्याचा झोत आला तर कॉम्प्युटर आधीच सावरतो, आणि पायलटनं चुकून जास्त ओढलं तर मर्यादेत ठेवतो. आर्थरची गरज तिथं संपली.

जुने लोक म्हणाले, तारेवर जीव टांगणार का? त्यांची शंका उगंच नव्हती. मे २०११ मध्ये एक ७एक्स क्वालालंपूरला उतरायला खाली येत असताना शेपटीचा आडवा भाग आपोआप फिरला आणि नाक वर, वर, वरच चाललं. पायलटनं दांडा पुढं दाबला तरी उपयोग नाही. मग त्यानं विमान बाजूला कलतं केलं, म्हणजे वर जायचा जोर वळणात घालवला. लढाऊ विमानातली युक्ती आहे ही, आणि चालवणाऱ्यांतला एक जण हवाई दलातूनच आलेला होता. वेळेत सावरलं, कुणाला इजा नाही. जगातली सगळी ७एक्स विमानं काही आठवडे जमिनीवर बसवली, शोध लागला तो एका कंट्रोल बॉक्समधल्या पिनच्या सदोष सोल्डरिंगचा. सोल्डरिंगचा! ज्या कंपनीनं हे विमान पूर्ण कॅटियात, लाकडी नमुना न बनवता डिझाइन केलं तिला एका टाक्यानं गाठलं. नंतर ती रचनाच बदलली.

"एवढं चांगलं आहे तर सगळे हेच का घेत नाहीत?"

कारण घेणारा पायलट नसतो, मालक असतो. त्याला लांब पल्ला हवा असतो, एका दमात मुंबई ते न्यूयॉर्क. फाल्कन ८एक्स साधारण ६,४५० नॉटिकल मैल जातं, म्हणजे १२ हजार किलोमीटरच्या आत, तर गल्फस्ट्रीम जी६५० सात हजार नॉटिकल मैल, आणि त्याच्या पुढची मॉडेलं अजून लांब. केबिन मोठी हवी, नाव मोठं हवं. २०००एलएक्सएसची किंमत साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास, काही स्वस्त नाही.

दासोचं सगळंच जमलं असंही नाही. २०१३ मध्ये ५एक्स जाहीर केलं, इंजिन फ्रान्सच्याच सफ्रानचं, ते इंजिन वेळेत जमेना, चार वर्षं घालवून डिसेंबर २०१७ मध्ये अख्खा प्रोजेक्ट बंद केला आणि इंजिन बदलून ६एक्स म्हणून परत सुरू केला, तो ग्राहकांच्या हातात यायला २०२३ उजाडलं. एवढी वर्षं गिऱ्हाईक थांबत नसतं, दुसऱ्या दुकानात जातं. तरी मला यातही ते इंजिन तसंच ढकललं नाही हे बरं वाटतं.

आणि शेठ लोकांच्या खेळण्याचं म्हणाल, तर फ्रान्सचं नौदल समुद्र गस्तीसाठी २०००एलएक्सएसच घेतंय, जपानच्या कोस्ट गार्डकडं फाल्कन आहेत, दक्षिण कोरिया टेहळणीला वापरतं. शेठ गेला तरी विमानाला काम राहतं.

"नागपूरला काय, नुसते नट-बोल्ट आवळणार ना?"

प्रश्न रास्त आहे. दासो आणि रिलायन्सची संयुक्त कंपनी २०१७ पासून मिहानमध्ये आहे आणि फाल्कन २००० चा पुढचा भाग, म्हणजे कॉकपिटचा सांगाडा, २०१९ पासून तिथून फ्रान्सला जातोय. पत्र्याला पत्रा जोडताना हजारो रिव्हेट, एकेक भोक ठरल्या मापात, इकडचं तिकडं झालं की बाद. नट-बोल्टच आहेत, पण त्या नट-बोल्टावर साडेबारा किलोमीटर उंचीवर आतली हवा दाबून ठेवायचीय. पुढचा टप्पा अख्ख्या विमानाचा. इंजिन मात्र कॅनडाहून येणार, कॉकपिटचे पडदे अमेरिकन, आणि आतलं सुशोभीकरण आजवर अमेरिकेतल्या लिटल रॉकला होत आलंय. सगळंच इथं बनतंय असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

राहता राहिलं मराठवाड्याला काय. जालना-संभाजीनगरहून समृद्धीनं नागपूर आता लांब नाही, आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात गाड्यांचे पार्ट बनवणारी पाचअक्षी मशिनं अन् त्यावर हात बसलेली पोरं आहेत. पण गाडीच्या पार्टासाठी जे चालतं ते इथं चालत नाही. विमानाच्या पार्टासाठी एएस ९१०० हे वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात मापापेक्षा कागद जड आहे, कुठल्या भट्टीतला धातू, कुठल्या दिवशी, कुठल्या मशिनवर, कुणी कापला, कुणी तपासला, हे सगळं वीस-तीस वर्षांनीही सापडलं पाहिजे. ऑर्डर पण लहान असतात, गाडीसारखे महिन्याला लाख नग नाहीत, वर्षाला काही शे. ज्या वर्कशॉपवाल्याला हे परवडवायचंय त्यानं २०२८ ची वाट न बघता आत्ताच सर्टिफिकेटच्या मागं लागलेलं बरं, कारण ऑडिट, सँपल पार्ट आणि मंजुरी यातच वर्ष-दोन वर्षं सहज जातात.